'धाववत नाही' आणि 'धावावेसे वाटत नाही' : खिन्न किशोरांच्या शारीरिक क्षमतेच्या मापनाची समीक्षा

१

मनाचे मापन हे सैल आणि शरीराचे मापन हे पक्के, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. मनाविषयी विचारावयाचे तर शब्दांचा आश्रय घ्यावा लागतो आणि शब्द नेहमीच निसटते असतात. शरीराची गोष्ट वेगळी. तेथे अंतर मीटरने, काळ सेकंदाने आणि वजन किलोग्रॅमने मोजता येते. त्यामुळे किशोरवयीन मुलांच्या खिन्नतेचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांची जोड घेतली, तेव्हा एका डळमळीत मापाला एका भक्कम मापाचा टेकू मिळाला असे अनेकांना वाटले. ज्यांची धाव कमी त्यांची खिन्नता अधिक, अशा आशयाचे निष्कर्ष निरनिराळ्या देशांतून प्रसिद्ध होत असतात.

प्रस्तुत लेखाचा रोख या समजुतीवर आहे. शरीराचे म्हणून जे माप येथे वापरले जाते ते मोठ्या प्रमाणात इच्छेचे माप असते. आणि मनाचे म्हणून जे माप वापरले जाते त्याचा जवळजवळ अर्धा भाग शरीराविषयीचा असतो. अशा दोन मापांचा परस्परसंबंध आढळला तर त्यात नवल कोणते? हा गोंधळ निस्तरण्याची एक सोय मराठीच्या क्रियापदव्यवस्थेत आहे, आणि आपल्या प्रश्नावल्या नेमकी तीच सोय वगळतात, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. विवेचन अधांतरी राहू नये म्हणून बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. तेथे अशी पाहणी झाली आहे असे सुचवावयाचे नसून, करावयाची झाल्यास कोणते प्रश्न उभे राहतील याचा हा विचार आहे.

२

प्रथम शरीराच्या मापाकडे वळू. शालेय मुलांची शारीरिक क्षमता मोजण्याची आधुनिक चळवळ अमेरिकेत १९५४ साली क्राउस आणि हिर्शलँड यांच्या स्नायुबलाच्या चाचण्यांनी गाजली. युरोपीय मुलांच्या तुलनेत अमेरिकन मुले फार मोठ्या प्रमाणात अनुत्तीर्ण झाली, आणि त्या धक्क्यातून १९५६ मध्ये अध्यक्षीय पातळीवर युवक-क्षमतेसाठी एक मंडळ स्थापन झाले. आपल्याकडेही १९५९-६० च्या सुमारास राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली. आजच्या 'खेलो इंडिया' मूल्यमापनात उंची-वजनाचे गुणोत्तर, ५० मीटरची धाव, ६०० मीटर धावणे अथवा चालणे, बसून पुढे वाकणे आणि पोटाच्या व दंडाच्या स्नायूंच्या चाचण्या यांचा अंतर्भाव आहे.

संशोधनात अधिक मान आहे तो दोन प्रकारच्या धावांना. कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बारा मिनिटांत किती अंतर कापले हे पाहतात. लेजे यांच्या येरझार-चाचणीत वीस मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये ध्वनीच्या इशाऱ्याबरोबर धावावयाचे असते. आरंभीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर असतो आणि दर मिनिटाला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो. जेथे मूल थांबते तेथे त्याची क्षमता संपली असे मानून, त्यावरून शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती गणिताने काढतात.

सगळी अडचण या 'थांबते' क्रियापदात आहे. मूल का थांबले? प्रयोगशाळेत या प्रश्नाची काही प्रमाणात तपासणी होते. श्वासातील वायूंचे प्रमाण, हृदयाची गती, प्राणवायूचा वापर वाढावयाचा थांबला की नाही, या खुणांवरून श्रम कमाल होता की नव्हता हे ठरवितात. आणि तेथेही पुष्कळ किशोरांच्या बाबतीत प्राणवायूची रेषा सपाट होताना दिसत नाही. शाळेच्या मैदानावर यांपैकी काहीच पाहिले जात नाही. ज्याचे हृदय थकले तो आणि ज्याला पुढे धावण्यात काही अर्थ वाटेनासा झाला तो, असे दोघेही एकाच रेषेवर थांबतात आणि एकाच आकड्याने नोंदले जातात.

निरोगी मुलांच्या बाबतीत ही त्रुटी सोसण्यासारखी आहे. ईर्षा, मित्रांचा ओरडा, शिक्षकांचा धाक यांच्या जोरावर बहुतेक मुले शक्तीच्या सीमेजवळ पोहोचतात. खिन्नतेच्या विकारात मात्र नेमके हेच प्रेरणेचे यंत्र बिघडलेले असते. म्हणजे ज्या गुणावर चाचणीची सारी मदार, त्याच गुणाचा ऱ्हास झालेल्या व्यक्तींना आपण ती लावतो आणि निष्कर्ष मात्र हृदय व फुप्फुसे यांच्याविषयी काढतो. तराजूचा काटाच ज्या मालाने हलतो, तो माल त्या तराजूत कसा तोलावा?

येरझार-चाचणीचा एक सामाजिक पैलूही नजरेआड करता येत नाही. तीत जो प्रथम थांबतो तो बाजूला उभा राहतो आणि उरलेला वर्ग त्याच्या देखत धावत राहतो. 'आपण कुणाच्या उपयोगाचे नाही' ही भावना ज्या विकाराचे लक्षण आहे, त्याच्या मापनासाठी ही रचना निवडणे शास्त्रदृष्ट्या सदोष तर आहेच, शिवाय निर्दयपणाचेही आहे.

३

आता मनाच्या मापाकडे येऊ. हॅमिल्टन यांची मापनश्रेणी १९६० ची, बेक यांची प्रश्नावली १९६१ ची. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी नऊ प्रश्नांची आरोग्य-प्रश्नावली २००१ मध्ये क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत नऊ प्रकारचा त्रास किती वेळा झाला हे तीत विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण गुण २७, आणि १० किंवा अधिक गुण मिळाल्यास खिन्नतेची शंका घ्यावी असा प्रघात आहे.

या नऊ प्रश्नांपैकी चार प्रश्न शरीराकडे वळलेले आहेत : झोप, थकवा, भूक आणि हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता. या चारांचे मिळून १२ गुण होतात. याचा अर्थ असा की, मन ठिकाणावर असलेले परंतु अपुरी झोप, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी पिचलेले मूल केवळ या चार प्रश्नांच्या बळावर दहाची रेषा ओलांडू शकते. रीतसर निदानाच्या नियमात पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे रस न वाटणे आणि मन खचणे यांपैकी एक तरी लक्षण आवश्यक मानले आहे. परंतु पाहण्यांत सहसा बेरजेचाच नियम चालतो, आणि बेरजेला ही अट ठाऊक नसते.

या चित्रात रक्तक्षय आणून बसवावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. रक्तातील लोह कमी झाले की प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, म्हणून ६०० मीटरची धाव मंदावते. त्याच कारणाने थकवा येतो, म्हणून प्रश्नावलीतील गुण वाढतात. दोन्ही आकडे संगणकात घातले की त्यांच्यात सुरेख सहसंबंध दिसतो आणि 'क्षमता कमी तर खिन्नता अधिक' हे वाक्य सिद्ध होते. त्या मुलीला वस्तुतः हवी असते लोहाची गोळी. आपण मात्र तिला व्यायामाचा उपदेश करून मोकळे होतो.

४

येथवरचा विचार शरीरशास्त्र किंवा मानसशास्त्र जाणणाराही मांडू शकेल. भाषेच्या अभ्यासकाने सांगण्यासारखे जे आहे ते यापुढचे.

'डिप्रेशन' या शब्दासाठी मराठीत उदासीनता, नैराश्य, खिन्नता असे पर्याय योजले जातात. त्यांपैकी 'उदास' आणि 'उदासीन' यांवर संतवाङ्मयातील विरक्तीची छाया आहे. तेथे उदास होणे हा विकार नसून साधकाचा गुण आहे. 'नैराश्य' हा शब्द आशेच्या अभावापुरता मर्यादित आहे. 'खिन्न' हा शब्द मात्र विचार करावा असा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दुःखी असा आहे आणि थकलेला असाही आहे. 'खेद' या शब्दातही शीण आणि दुःख एकत्र नांदतात. पुढे मराठीत खेदाचा दुःखवाचक अर्थ उरला आणि श्रमाचा अर्थ लोपला. प्रस्तुत लेखात 'खिन्नता' हा शब्द स्वीकारला आहे तो या जुन्या जोडअर्थामुळेच.

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांची जी गणना आहे तीत निर्वेद, ग्लानी, श्रम, आलस्य, दैन्य, चिंता आणि विषाद हे वेगवेगळे भाव मानले आहेत. श्रमाची कारणे म्हणून वाटचाल आणि व्यायाम सांगितले आहेत. ग्लानीच्या कारणांत व्याधी, उपवास, मनस्ताप आणि निद्रानाश हे शेजारी शेजारी बसविले आहेत. रंगभूमीवरील नटाने थकलेला माणूस आणि खचलेला माणूस वेगळा दाखवावा, यासाठी ही काळजी घेतलेली आहे. जो भेद नटाकडून अपेक्षिला गेला, तो आपल्या मापनपत्रिकेत नसावा ही खेदाची गोष्ट आहे.

बोलीकडे वळल्यास शरीर आणि मन यांची सरमिसळ अधिकच दाट होते. 'दम' हा एकच शब्द घ्या. दम लागतो तो श्वासाचा, आणि हा अर्थ फारसी आहे. शमदमातला दम निग्रहाचा, आणि तो अर्थ संस्कृत आहे. मराठीत दोन्हींचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत शिरले. 'दम धर' म्हणताना आपण श्वास रोखावयास सांगत नाही, आणि हुतुतूच्या पटांगणात जेव्हा खेळाडूचा दम तुटतो तेव्हा त्याचा निग्रह सुटला असे कोणी म्हणत नाही. 'हातपाय गळाले' हे वाक्य अवयवांविषयीचे, अर्थ मात्र धैर्याविषयीचा. 'अंग मोडून आले' ही तक्रार, तर 'अंग चोरतो' हा आरोप. 'उठणे जिवावर येते' या वाक्प्रचारात तर शरीर आणि इच्छा यांपैकी कोणाचा दोष, हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

शब्दसंग्रहाच्या पातळीवर असा अभेद असला तरी व्याकरणाच्या पातळीवर मराठी अतिशय काटेकोर आहे. पुढील चार वाक्ये पाहावीत : 'मी धावत नाही', 'मला धावता येत नाही', 'मला धाववत नाही', 'मला धावावेसे वाटत नाही'. पहिल्यात कर्ता प्रथमेत आहे. कृतीची जबाबदारी त्याने पत्करली आहे. उरलेल्या तिन्हींत तो चतुर्थीत गेला आहे. कृती त्याच्या हातात नाही, ती त्याच्या बाबतीत घडते किंवा घडत नाही. दुसऱ्यात कौशल्याचा अभाव आहे. तिसऱ्यात आपल्या व्याकरणकारांनी ज्याला शक्य क्रियापद म्हटले ते आहे. ते सामर्थ्याचा अभाव सांगते. चौथे इच्छेचा अभाव सांगते. मराठवाड्याच्या बोलीत हा चौथा प्रकार आणखी आटोपशीर होतो : 'उठू वाटंना', 'खाऊ वाटंना', 'काही करू वाटंना'. खिन्नतेच्या विकारात रस हरपणे म्हणजे काय, हे 'काही करू वाटंना' या वाक्याहून नेमकेपणाने सांगणारे पारिभाषिक वाक्य निदान या लेखकाला आढळलेले नाही.

तिसरा प्रकार सर्वस्वी निःसंदिग्ध आहे असे मात्र समजू नये. 'जिना चढवत नाही' हे गुडघ्यांविषयी असते, पण 'बघवत नाही' हे डोळ्यांविषयी नसते. शक्य क्रियापदाच्या पोटातच सामर्थ्याकडून सहनशक्तीकडे जाणारी वाट आहे. म्हणूनच 'धाववत नाही' आणि 'धावावेसे वाटत नाही' हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारून उत्तरांची तुलना केली पाहिजे. 'उत्साहाचा अभाव जाणवतो का?' किंवा 'शक्ती कमी वाटते का?' असे नामप्रधान प्रश्न विचारले की हा भेद पुसला जातो. इंग्रजी प्रश्नात थकवा आणि शक्तीची उणीव एका वाक्यात जोडलेली आहेत. अनुवादकाने 'शक्ती' लिहिले तर प्रश्न शरीराचा होतो, 'उत्साह' लिहिले तर मनाचा. आणि एका शब्दाच्या निवडीवर गुणांची बेरीज बदलते. आपल्या शास्त्रीय गद्यावर नामांचे जे अतोनात प्रेम आहे, त्याची किंमत येथे एखाद्या मुलाला मोजावी लागते.

५

आता हे सारे नांदूरघाटासारख्या गावी नेऊन पाहू. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. पाऊस संपल्यावर, साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात व मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात; माणसांची गणना हत्याराच्या नावाने होते. काही मुले मागे राहून आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात शिकतात. काही बरोबर जातात, आणि पंधरा-सोळा वर्षांचे मूल फडात गेले की मोळ्या बांधणे आणि वाहणे त्याला चुकत नाही.

अशा गावातील दहावीच्या वर्गाला जुलैत येरझार-चाचणी दिली तर एक आकडा येईल आणि एप्रिलात दिली तर दुसरा. एप्रिलात नुकत्याच परतलेल्या मुलाचे दंड आणि पाठ भक्कम असतील, पण झोप आणि आहार यांची आबाळ झालेली असेल. त्यात बाहेर ऊन चाळिशीला टेकलेले. ज्या मुलाला डोक्यावर मोळी घेऊन चालवते त्याला ध्वनीच्या इशाऱ्यावर रिकामे धावावेसे वाटेल की नाही, हा प्रश्न त्याच्या हृदयाचा खास नव्हे. उलट, घरी राहिलेली, अंगमेहनत कमी असलेली आणि आईवडिलांवाचून सहा महिने काढणारी मुलगी धावेत मागे पडली, तर तिच्या नावापुढे 'क्षमता : निकृष्ट' एवढेच लिहिले जाईल. तिला 'करमंना' हे कोणत्याच रकान्यात येणार नाही.

भीती आहे ती येथेच. गावात खिन्न मुलासाठी एक शब्द आधीपासून तयार असतो : आळशी. तोच शब्द 'अंगचोर', 'कामचोर' अशा रूपांनी घरात, शाळेत आणि फडात फिरत असतो. आपल्या चाचणीचा आकडा या शब्दाला शास्त्राची मोहोर देतो. १३ ते १७ वर्षे वयोगटातील मानसिक आजाराचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत ७.३ टक्के आढळले. तथापि ती पाहणी ज्या बारा राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या मुलांविषयीची मोजणी बरीचशी अजून व्हावयाची आहे. ती चुकीच्या मापाने सुरू होऊ नये, यासाठी हा खटाटोप.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कारण काहीही असो, कमी धावणारे मूल धोक्यात आहे एवढे कळले तरी पुरे. आरोग्याच्या ढोबळ गणनेपुरते हे मान्य करता येईल. परंतु ज्याला कार्यकारणभाव सांगावयाचा आहे, व्यायामाने खिन्नता हटते किंवा खिन्नतेने क्षमता घटते असे प्रतिपादन करावयाचे आहे, त्याला ही सवलत घेता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की, सर्वत्र एकच साधन वापरले नाही तर तुलना कशी होणार? याचे उत्तर आफ्रिकेत आणि विदर्भात मिळते. झिम्बाब्वेत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोना भाषेतील लोकांच्या स्वतःच्या वाक्प्रयोगांतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली उभी केली; 'फार विचार करणे' या अर्थाचा तेथील शब्द त्या अभ्यासामुळे जगाला परिचित झाला. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत चाललेल्या आणि २०१७ मध्ये ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्या 'विश्राम' प्रकल्पाने आपल्या नावातच रोगाऐवजी ताणाचा उल्लेख केला. स्थानिक शब्द आणि शास्त्रीय शिस्त यांत वैर नाही, याचे हे दोन दाखले.

मापनाचे नवे मार्गही उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात १२, १४ आणि १६ व्या वर्षी मुलांची हालचाल अंगावर बांधलेल्या यंत्राने मोजण्यात आली आणि १८ व्या वर्षीच्या खिन्नतेशी तिचा संबंध तपासला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दररोजच्या हलक्या हालचालींचे, म्हणजे साध्या चालण्या-वावरण्याचे, महत्त्व दिसून आले. तेथे कोणालाही शर्यतीत उतरविलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तसेच नॉटिंगहॅम येथील २०१५ च्या प्रयोगात उपचार घेणाऱ्या किशोरांना व्यायामाची तीव्रता स्वतः निवडू दिली होती.

या सर्वांवरून जो विद्यार्थी नांदूरघाट येथे किंवा अन्यत्र असे काम हाती घेईल त्याने पुढील पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. एक, क्षमतेच्या दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली इच्छेवर अवलंबून असणारी, म्हणजे धावेची. दुसरी ठरावीक श्रमाची, म्हणजे ठरावीक उंचीच्या पायरीवर ठरावीक लयीत तीन मिनिटे चढ-उतार करून नंतरची नाडी मोजण्याची. शाळेच्या ओसरीची पायरी मोजून घेतली तर तीही चालेल. दुसरीत नाडी चांगली आणि पहिलीत धाव तोकडी, असे ज्या मुलाच्या बाबतीत आढळेल त्याची शक्ती शाबूत असून इच्छा खचली आहे असे अनुमान करण्यास जागा आहे. हे दोन आकड्यांतील अंतर हीच या अभ्यासाची खरी सामग्री होय. दोन, ही चाचणी वर्गासमोर न घेता एकेकट्याची घ्यावी. तीन, रक्तातील हिमोग्लोबिन, चालू असलेली औषधे, चाचणीचा महिना आणि गेल्या हंगामातील अंगमेहनतीचे दिवस यांची नोंद असल्यावाचून कोणताही सहसंबंध मांडू नये. चार, प्रश्नावलीची बेरीज शरीरविषयक चार प्रश्नांसह आणि त्यांच्यावाचून अशी दोनदा द्यावी. पाच, प्रश्न नामांत न विचारता क्रियापदांत विचारावेत, आणि त्याआधी गावात बसून तेथील 'वाटंना', 'करमंना', 'होईना' यांचा संग्रह करावा.

सहावे पथ्य संशोधनाचे नसून माणुसकीचे आहे. प्रश्नावलीतील नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. त्याला होकार देणाऱ्या मुलाचे उत्तर सांख्यिकीच्या तक्त्यात ठेवून परत येणे कोणालाही शोभणार नाही. शासनाची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. त्या मुलाशी बोलणारे जबाबदार माणूस आणि जवळच्या डॉक्टरांपर्यंत त्याला नेण्याची तजवीज ही पाहणीच्या आधी झालेली असावी.

भाषाशास्त्र हे शब्दांचे शास्त्र, त्याचा नाडीशी आणि मैदानाशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या विभागातील विद्यार्थी कधी कधी विचारतात. संबंध एवढाच की, मैदानावरील शिक्षक जेव्हा 'हा धावत नाही' असे नोंदवतो, तेव्हा त्याने एका वाक्याची निवड केलेली असते. मुलाचे स्वतःचे वाक्य 'मला धाववत नाही' हे असेल किंवा 'धावू वाटंना' हे असेल. प्रथमेच्या जागी चतुर्थी आली की आरोपाची तक्रार होते, आणि तक्रार ऐकून घेतली तरच उपचार सुरू होऊ शकतो.